खेचरवाले आबाजी आणि यंदाचा पोळा

बुधवार

मुंबईत 19 ऑगस्ट 2025 ला पावसानं लोकल बंद पाडल्या होत्या आणि आमची विदर्भ एक्सप्रेस तिथूनच निघते, त्यामुळे नाशिकरोडला ती कधी येणार हे ॲपलाही सांगता येत नव्हतं, दर अर्ध्या तासानं नवीन टाइम. बाबा प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होते. आबाजींचं पहिलं वर्षश्राद्ध बुधवारी, पोळा शुक्रवारी, आणि थोरला मुलगा म्हणून पिंड बाबांच्याच हातून. शेवटी गावच्या महाराजांना फोन लावला, ते म्हणाले श्राद्ध दुपारचंच असते, या आरामात. पुलगावला उतरलो तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते.

पुलगाव म्हटलं की बाहेरच्यांना मिलिटरीचं दारूगोळ्याचं कोठार आठवतं, 31 मे 2016 ची ती आग टीव्हीवर दिसल्यापासून तर जास्तच. आमच्या घरात पुलगाव म्हणजे आबाजींचं सुट्टीवर येणं. इथं मोठ्या गाडीतून उतरायचं आणि आर्वीच्या नॅरोगेजमध्ये बसायचं, 35 किलोमीटरचा फाटा, लोक तिलाही शकुंतलाच म्हणायचे, आणि चालत्या गाडीतून उतरून माणूस झाडामागं जाऊन परत चढायचा असं बाबा सांगतात (प्रत्येक नॅरोगेजबद्दल हे कोणी ना कोणी सांगतंच). आबाजी म्हणायचे सिलीगुडीपासून पुलगावपर्यंतचे दिवस कसे गेले कळायचं नाही, पण पुलगाव ते आर्वी संपता संपत नसे. ती गाडी बंद होऊन जमाना झाला. आता चुलतभाऊ बोलेरो घेऊन येतो आणि पाऊण तासात, खड्डे धरून, गाव.

गावाच्या फाट्यावरच फ्लेक्स. भावपूर्ण आदरांजली, मागं रणगाडा, वर लढाऊ विमान, आणि मधे आबाजींचा आधार कार्डावरचा चेहरा कापून कोणा भलत्याच्या युनिफॉर्मवर बसवलेला, छातीवर इतकी पदकं की जनरललाही नसतील. चुलतभावानं हौसेनं आर्वीत बनवून घेतला होता आणि मला सारखं विचारत होता कसा झाला, कसा झाला. मी म्हटलं मस्त. आजीला म्हणे सोमवारीच गाडीत बसवून दाखवायला आणलं होतं, तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात खेचर कुठी आहे?"

तर आमचे आबाजी फौजेत खेचरं हाकायचे. आर्मी सर्व्हिस कोअरची एटी कंपनी, म्हणजे ॲनिमल ट्रान्सपोर्ट. 1961 ला नागपुरात भरती झाले आणि 1976 ला नायकाच्या हुद्द्यावर घरी आले, बरोबर 15 वर्षं, कारण शिपायाला पेन्शन लागायला तेवढी लागतात आणि आबाजी मोजून वागणारे. जन्मतारखेचा मात्र घोळच. त्यांची आई सांगायची की आष्टीत गोळीबार झाला तेव्हा तू पोटात होता, म्हणजे 16 ऑगस्ट 1942 ची नागपंचमी, चले जाव आंदोलनातला गोळीबार, आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फौजेच्या कागदावर 1 जुलै 1942. इकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जुलैलाच असतो, शाळामास्तरांची कृपा, पण आमचे आबाजी तर कागदावर जन्माच्या आधीच जन्मले.

श्राद्ध झालं, पानं वाढली, वडे-कढी-खीर. मग अंगणात खुर्च्या टाकून दोनचार लोक बोलले. एक पुढारी आले होते, गाडीतून उतरून थेट माइककडे, त्यांनी सांगितलं की शत्रूला पाणी पाजणारा हा वाघ आपल्या तालुक्याचा सुपुत्र वगैरे. बाबा खाली बघत होते. आबाजींनी पाणी पाजलं ते खेचरांना. 15 वर्षांत माणसावर एक गोळी झाडली नाही हे ते स्वतःच सांगायचे, त्यात ना अभिमान ना लाज, जसं कोणी सांगेल की मी चहा घेत नाही.

लढाईच्या गोष्टी त्यांच्याकडं नव्हत्याच म्हणा ना, खेचरांच्या होत्या. खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो, त्याच्या हजेरीचा वेगळा कागद, दुखण्याचा वेगळा. डोंगर चढून कितीही थकून आलं तरी आधी पालान, म्हणजे ओझं लादायचं खोगीर, उतरवायचं, पाठ चोळायची, खरारा, पाणी, चंदी, चारही खूर उचलून बघायचे आणि मग जवानानं आपलं ताट घ्यायचं. "आधी जनावर, मंग जवान." पालानाखालच्या कांबळ्याला एक घडी पडली तरी पाठीला घासतं, जखम होते, जखम झाली की खेचर आठवडे बाद, आणि एक खेचर बाद म्हणजे वरच्या पोस्टवर तेवढं रॉकेल, तेवढा आटा, तेवढ्या गोळ्या कमी. हे सगळं ते आम्हाला पोट्ट्यांना गणितासारखं पाठ करून घ्यायचे आणि आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत कांबळ्याची घडी घालायला घाबरायचो.

सप्टेंबर 1967 मध्ये नाथू लाला चीनशी झालं तेव्हा ते सिक्कीममध्ये होते. 14 हजार फुटांच्या वरची खिंड, 11 तारखेला सुरू झालं आणि चार दिवस तोफा चालल्या. 65 आणि 71 सगळ्यांना माहीत असतं, हे नाथू लाचं गावात कोणाच्या गावीही नव्हतं. आबाजींचं काम वर सामान न्यायचं आणि उतरताना जे असेल ते खाली आणायचं. मी सातवीत असताना विचारलं होतं, जे असेल ते म्हणजे काय हो आबाजी? ते उठले आणि कोठ्यात गेले, बैलाला वैरण टाकायला, वैरणीची वेळ नसताना.

संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाचे लोक आले, सामुदायिक प्रार्थना, खंजेरीवर भजनं. इथं आबाजींवरून आमच्यात जुनं भांडण आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 62 आणि 65 च्या लढाईच्या वेळी जवानांना भजनं ऐकवायला सीमेवर गेले होते, आणि काकांचं म्हणणं आबाजींनी तिथं महाराजांना पाहिलं, बाबांचं म्हणणं आबाजी तेव्हा भलत्याच टोकाला पोस्टिंगला होते, त्यांनी महाराजांच्या मोझरीच्या आश्रमातच पाहिलं, सुट्टीवर असताना. आबाजींना विचारलं की ते नुसतं "खंजेरी ऐकली" एवढंच म्हणायचे. कुठं ते नाही. प्रार्थना संपल्यावरही दोघं भाऊ त्यावरून बोलतच होते, मी झोपले.

गुरुवार

सकाळी ट्रंक उघडली. काळी, लोखंडी, पांढऱ्या रंगानं नंबर नाव आणि खाली व्हाया पुलगाव. कारण भावनिक वगैरे काही नाही, आजीची फॅमिली पेन्शन वर्षभरापासून अडकलीये. लग्नात आमच्याकडं बाईचं नाव बदलायचे, आणि आबाजींनी क्लार्कला सांगताना तिचं माहेरचंच नाव सांगून टाकलं, आधारवर सासरचं. म्हणजे सरकारच्या हिशेबी नायकाची बायको कोणी तिसरीच आणि आमची आजी कोणीच नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनची ऑर्डर, जुना जोडीचा फोटो, जे सापडेल ते हवं होतं.

डिस्चार्ज बुक सापडलं. मेडलांची डबी सापडली, त्यात सैन्य सेवा मेडल, 65 चं रक्षा मेडल, 71 चं संग्राम मेडल, आणि एक स्वातंत्र्याच्या 25 वर्षांचं, जे 15 ऑगस्ट 1972 ला जो जो नोकरीत होता त्या सगळ्यांना मिळालं होतं. चुलतभाऊ जरासा हिरमुसला. मी म्हटलं अरे, त्या वर्षी त्यांना घरी यायला मिळालं नव्हतं, असू दे ना एक मेडल त्याचं.

पण खरी गंमत खाली होती, पिशवीत गुंडाळलेल्या कापसाच्या पावत्या. एकाधिकार खरेदीच्या. ती योजना महाराष्ट्रात 1972 ला आली, कापूस सरकारलाच द्यायचा, थोडे पैसे आधी आणि बाकीचे हप्त्यानं, आणि हप्ता कधी येईल ते देव जाणे. पहिल्या चार वर्षांच्या पावत्यांवर सही नाहीये, अंगठा आहे. आबाजी तर दहा ओळींचं पत्र इंग्लिशमध्ये पत्ता घालून लिहायचे. अंगठा आजीचा.

म्हणजे बघा, मी लहानपणापासून ऐकत आले की आबाजींनी शेती उभी केली. घरात तसंच बोलतात, काल माइकवरही तसंच बोलले. आणि 61 ते 76 माणूस घरीच नव्हता. मनीऑर्डर यायची, आणि वर्षातून दोन महिने ते. मी आबाजींवर चार ओळी लिहायच्या म्हणून डायरी घेऊन आले होते आणि दर पानावर आजीच यायला लागली, आता त्याला मी काय करू.

वावरात गेले तेव्हा जुने सालदार काका धुऱ्यावर बसले होते, त्यांनी आमच्याकडं कितीतरी सालं काढली, आता वयानं होत नाही तरी रोज येऊन बसतात. कपाशी कमरेला आली होती, पात्या धरल्या होत्या, तुरीच्या ओळी मधे, पलीकडं सोयाबीन, आणि एका कोपऱ्यात रानडुकरांनी घातलेला धिंगाणा. त्यांना विचारलं तर ते हसायलाच लागले.

"शेती तं बाईनं केली ना बाप्पा. नायक सायेब दोन महिने येत, त्या दोन महिन्यात सारं घर मिलिटरी होऊन जाये. पाच वाजता शिट्टी. कोठ्यात शेण दिसलं की माह्यावर बोंबलत. ते गेले की आमी पुन्ना मोकये." मग जरा थांबून, "पन बैलाच्या खुराचं त्याइनंच शिकवलं. या शिवारात खूर उचलून पाहनारा पह्यला मानूस तोच."

72 च्या दुष्काळाचं त्यांनी सांगितलं, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी, कुटार संपलेलं, लोक बैल मिळेल त्या भावात विकत होते आणि आजीनं आमची जोडी विकली नाही. कशी जगवली ते तिलाच विचारा म्हणे.

विचारलं. आजी पुरणाची डाळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पाटल्या मोडल्या." सोन्याच्या, चार, माहेरच्या. आबाजींना पत्रात कळवलंच नाही, सुट्टीवर आल्यावर मोकळे हात बघून त्यांना कळलं. ते काय म्हणाले? "काई नाई म्हनले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवला." हे सांगताना आजीच्या आवाजात जे होतं ते कौतुक नव्हतं. पुढं 1977 ला पेन्शनीच्या एकरकमी पैशातून विहिरीजवळचे चार एकर घ्यायचे ठरले तेव्हा तिनं सांगितलं, "माह्या नावानं होत असन तं घ्या, नाई तं पैसे पोस्टात राहू द्या. पाटल्याईचा हिसाब बाकी हाये." आणि त्यांनी गुपचूप तिच्या नावानं केले. सातबारा ट्रंकेतच होता. बाबांना माहीत होतं की ते चार एकर आजीच्या नावावर आहेत, पण त्यांना वाटायचं की सीलिंगच्या, म्हणजे जमीन-मर्यादेच्या कायद्याच्या, भीतीनं केले असतील. मी म्हटलं बाबा, सीलिंग लागायला आपल्याकडं जमीन होती किती.

दुपारी बाबा आणि चुलतभाऊ पेन्शनच्या कामाला जिल्ह्याच्या गावी जाऊन आले. ज्यांच्याकडं फाइल ते सुट्टीवर, दुसऱ्यानं ॲफिडेव्हिट आणा म्हणून सांगितलं. जाऊन येऊन शंभरच्या वर किलोमीटर.

संध्याकाळी खांदशेकणी. बैलांना धुवून आणलं, तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं खांदे शेकले, वर्षभर जू घासून जिथं कातडं जाड होतं तिथं. आजी वाटी घेऊन पुढं आणि काका शेकणार. मग बैलाच्या कानाशी, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आबाजींची इथं एक वेगळी पद्धत होती, खांदे झाल्यावर ते सगळ्या पाठीवरून तळवा दाबत न्यायचे, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि बैलाची कातडी कुठं थरथरते का ते बघायचे. ते पालानवालं. बैलाच्या पाठीवर कधी काही लादत नाहीत, पण 15 वर्षांची सवय. यंदा ते कोणी करणार नाही असं वाटलं होतं तर बाबा पुढं झाले. बाबा एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेत, त्यांनी बैलाला हात लावून किती वर्षं झाली असतील. त्यांनी दोन्ही बैलांच्या पाठीवर तसाच तळवा फिरवला, हळूहळू. हात धुताना मला म्हणाले, आमच्या अंगावरून असा हात कधी फिरला नाही गं, पट्टा सोडून. मी टॉवेल दिला.

शुक्रवार, पोळा

पहाटेपासून पुरण. बैल नदीवर नेले, वर्धा नदी भरून होती पण काठाला उतार आहे तिथं जमलं. पलीकडं अमरावती जिल्हा, थोडं वर गेलं की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, पंढरपूरला पालखी जाते तेच. आजीचं माहेरही पलीकडच्याच काठाचं, आणि नदी बघितली की ती हमखास म्हणते आमच्याकडची माती जास्त काळी.

दुपारी वडाखाली बसलेल्या माणसांमध्ये बैलांची चर्चा कमी आणि कापसाची जास्त. सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क याच मंगळवारी काढून टाकलं, 30 सप्टेंबरपर्यंत म्हणे. हमीभाव लांब धाग्याला 8110, मध्यमला 7710, पण बाहेरचा कापूस गिरण्यांमध्ये येऊन पडला की आपलं बोंड फुटायच्या आधी बाजार खाली. एकजण म्हणाला की सण बघून मारलं. युरियाची बोंब तर होतीच. मला आठवलं आबाजी भाव पडला की एकच वाक्य बोलायचे, "वरच्याले खाली काय चाललं ते दिसत नाई." हे फौजेतलं होतं की शेतीतलं कोण जाणे.

त्यांनी सगळे कापूस पाहिले. घरी आले तेव्हा एच-4 हायब्रीड नवीन नवीन पसरत होती, मग 2002 नंतर बीटी, मग 2017 ला त्याच बीटीला गुलाबी बोंडअळी. त्या वर्षी बोंड फोडून आतली अळी त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती, बराच वेळ, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये. त्यांना राग अळीचा नव्हता, बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेल्या शब्दांचा होता. फौजेत डब्यावर जे लिहिलं ते डब्यात असायचंच, इथं असं कसं? हा त्यांचा भाबडेपणा शेवटपर्यंत गेला नाही.

चारनंतर बैल निघाले. शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळी गोंडे, नवी वेसण, नवे कासरे. तोरणाखाली रांग लागली. पूर्वी गावात एवढ्या जोड्या असायच्या की रांग शाळेपर्यंत जायची, आता मारुतीच्या पारापर्यंतही पुरली नाही, मधे दोन जणांनी ट्रॅक्टरलाच हार घालून आणले होते. बायका पोळ्यात लांबूनच बघतात, म्हणून मी एका घराच्या ओट्यावरून बघत होते, आजी शेजारी खुर्चीत. झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या तुकबंद्या, सुरू झाल्या, सरपंचावर झाल्या, पीकविम्यावर झाल्या, एक अशी झाली की इथं लिहिता येणार नाही. मग सालदार काकांना कोणीतरी पुढं ढकललं आणि त्यांनी आबाजींची झडती म्हटली, जी आबाजी दरवर्षी तीच म्हणायचे आणि लोक दरवर्षी ओरडायचे नवीन म्हणा, नवीन म्हणा.

"जू बैलाच्या खांद्यावर, पालान खेचराच्या पाठी,
दोघाईचंबी रगत आटलं दुसऱ्याच्या पोटासाठी,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

यंदा नवीन म्हणा कोणी ओरडलं नाही. तोरण तुटलं, बैल पळाले, धूळ.

मग बैल घरोघर, पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी चारायची, गड्याला बोजारा द्यायचा. बोजारा नोटांतच द्यायचा आणि नोट नवी हवी हा आबाजींचा कायदा, त्यासाठी ते आठवडा आधी बँकेत जाऊन बसायचे. काकांनी यंदा पाकिटं केली होती.

रात्री आत्या आली, उशिरा, जावयांच्या घरचा पोळा आटोपून. आत्याचं आबाजींशी शेवटची कितीतरी वर्षं जेवढ्यास तेवढं होतं. दहावीला ती शाळेत पहिली आली होती, 1986 ला, पुढं आर्वीला पाठवायचं म्हणजे रोज येणं-जाणं, आबाजींनी नाही म्हटलं. कारण दिलं नाही, ऑर्डर दिली. दोन महिन्यांनी स्थळ. त्याच माणसानं बायकोच्या नावानं शेत केलं होतं हे आत्याला मी सांगितलं, मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "आईनं मागतलं म्हनून केलं. मले मागता आलं नाई." आणि उरलेलं पुरण फ्रिजमध्ये ठेवायला उठली. मला यावर काही बोलता आलं नाही आणि अजूनही येत नाही. आबाजी मला फार आवडायचे, हे पण खरंच आहे.

शनिवार

सकाळी उठले तर गल्लीत आरडाओरडा, "इडा पिडा, राई रोग घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या संध्याकाळी दारात पळसाच्या फांद्या उभ्या करतात, मेढे, त्या पोरं सकाळी उपटून गावाबाहेर नेऊन टाकतात. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक टीव्हीवर असते, आमच्याकडं एवढंच. एकजण ओरडला युरियाची लाइन घेऊन जा गे मारबत, त्याला टाळ्या.

दुपारी तान्हा पोळा, लहान पोरं लाकडाचे नंदी सजवून आणतात. चुलतभावाच्या पोरानं काय आणलं, तर खेचर. सागाचं, दीड वितीचं, कान लांब, पाठीवर चामड्याच्या तुकड्याचं खरंखुरं पालान, पोटाखालून पट्टा, खुरावर कोरलेला नंबर. आबाजींनी रिटायर झाल्यावर बाबांसाठी स्वतः केलेलं. याचा इतिहास आहे. बाबांनी ते पहिल्यांदा नेलं तेव्हा बाबा बारा वर्षांचे होते, खरं तर तान्ह्या पोळ्याचं वय उलटून चाललेलं, बाकी पोरं गाढव गाढव म्हणून हसली आणि पंचांनी सांगितलं हा नंदी नाही, यात बसत नाही. आबाजी युनिफॉर्मचा कोट घालून पंचांकडं गेले आणि भर सभेत खेचर आणि गाढव यातला फरक समजावून सांगितला, आई घोडी बाप गाढव, उभं आडवं सगळं, बायाबापड्या बसलेल्या असताना. बक्षीस मिळालं नाहीच. बाबा त्यानंतर तान्ह्या पोळ्यात गेले नाहीत. ते हे सांगताना पहिल्यांदाच हसले, आणि हसता हसता म्हणाले, माझ्यासाठी भांडले असं मला तेव्हा वाटलंच नाही, मला वाटलं खेचरासाठी भांडले.

यंदाचे पंच पोरगेले मास्तर होते, त्यांना काय फरक पडतो, सगळ्यांनाच एकेक स्टीलचा डबा. पोरगं खूश.

निघायच्या आधी बैलांचा विषय निघाला, निघणारच होता. काकांचं म्हणणं चुकीचं नाही. पेरणी ट्रॅक्टरनं होते, माल टेम्पोनं जातो, बंडी कोठ्याबाहेर सडतेय, सरकी ढेपेचा भाव बघता जोडी वर्षाला जे खाते त्यात तिची कमाई निघत नाही, सालदार मिळत नाही, आणि आज विकली तर लाखाच्या वर येतील, अजून दोन वर्षांनी कोणी विचारणार नाही. चुलतभावानं मान डोलावली. बाबा काही बोलेनात, त्यांचा तसा काय हक्क, करायचं काकांनाच आहे. मी तर बोलूच नये, मी नाशिकहून येते आणि पुरणपोळी खाऊन जाते.

आजी ओट्यावर होती. तिनं विचारलं, "डवऱ्याचं काय करता?" कपाशी मोठी झाली की ओळीतून ट्रॅक्टर जात नाही, डवरा बैलाचाच, नाही तर तणनाशक. काका म्हणाले भाड्यानं आणू दुसऱ्याची जोडी. "गावात पाराच्या अलीकडंच रांग सरली काल, भाड्यानं कोनाची आनशीन? समद्याईचा डवरा एकाच टायमाले राह्यते." काका गप्प. "माह्या चार एकरात माह्याच बैलाचा डवरा चालन. बाकीच्या वावराचं तुमचं तुमी पाहा."

सातबारा तिच्या नावाचा, म्हटल्यावर विषय संपला, निदान पुढच्या पोळ्यापर्यंत. काकांना राग आला होता पण ते पानदान घेऊन आजीजवळच जाऊन बसले. बाबा म्हणाले ढेपेचे पैसे मी देतो, दर महिन्याला पाठवत जाईन.

"मनीऑर्डर नको करू," काका म्हणाले, "फोनपे कर."